बिनविरोधच्या पलीकडे : खेड्यातल्या शाळा समितीची निवडणूक

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात महिनाभर दुसरा विषय नसतो. पॅनल पडतात, रुसवेफुगवे होतात, पुण्या-मुंबईला गेलेली पोरे मतदानाला बोलावली जातात. शाळा व्यवस्थापन समितीची निवड मात्र एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात उरकते. मुख्याध्यापक नावे वाचतात, कोणी तरी ‘बरोबर आहे’ म्हणते, सह्या होतात, चहा होतो. एखाद्या गावात याच्या अगदी उलट घडते. अध्यक्षपदावरून दोन गट समोरासमोर येतात, सभा तहकूब होते आणि दुसऱ्या सभेला पोलीस बंदोबस्त मागवावा लागतो. बहुतेक ठिकाणी ज्या जागेकडे कोणी वळूनही पाहत नाही, त्याच जागेवरून काही ठिकाणी डोकी फुटायची वेळ येते. असे का होते, ही जागा कोणासाठी केलेली आहे आणि तिच्यावर प्रत्यक्षात कोण बसते, याचा हा आढावा.

जागा कशी मिळते

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, अशी अट आहे. महाराष्ट्राने जून २०१० च्या शासन निर्णयाने याचा तपशील ठरवला. सदस्य सचिव सोडून १२ ते १६ सदस्य असतात. पालकांची निवड पालकसभेतून होते. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात स्थानिक प्राधिकरणाचा, म्हणजे खेड्यात ग्रामपंचायतीचा, एक निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ असतो. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच होतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. दोन विद्यार्थीही बसतात, त्यांतली एक तरी मुलगी असावी लागते. समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनते आणि महिन्यातून एकदा बैठक व्हावी अशी अपेक्षा आहे.

कागदावर यापेक्षा सोपी निवडणूक सापडणार नाही. अनामत रक्कम नाही, निशाणी नाही, खर्चाचा हिशेब नाही. आपले मूल त्या शाळेत शिकत असले की झाले. मात्र ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला असतो तसा मतदार यादी, अर्ज, छाननी, माघार हा साचाही इथे नाही. निवड पालकसभेत व्हावी एवढे ठरलेले आहे. हात वर करून की चिठ्ठ्या टाकून, हे ती सभा चालवणाऱ्यावर अवलंबून राहते. त्यामुळे सगळे काही एका प्रश्नावर येऊन ठेपते : सभा कधी ठेवली आणि तिला कोण हजर होते?

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. पालकसभा पावसाळ्यात पडली की शिवारात डवरणी आणि निंदण जोरात असते. निंदणाची मजुरी बायकांची, आणि ती रोजावर मिळते. दुपारी बाराची सभा म्हणजे ज्या बाईसाठी कायद्याने निम्म्या जागा राखल्या, तिचा त्या दिवसाचा रोज बुडणार. ती येत नाही. तिच्या जागी नवरा येतो, सही तो करतो, पुढे बैठकांनाही तोच बसतो. वेळ संध्याकाळची ठेवली तर बाहेरगावहून येणाऱ्या शिक्षकांची गाडी चुकते. सभेची वेळ ही किरकोळ बाब वाटते, पण खरी निवड तिथेच होऊन जाते.

गावातले वजनदार लोक या जागेपर्यंत कसे पोचतात, हेही पाहण्याजोगे आहे. ज्याची मुले तालुक्याच्या कॉन्व्हेंटला व्हॅनने जातात, त्याला पालक सदस्य होता येत नाही. कायद्याची ही अट चांगलीच नेमकी आहे. पण ती ओलांडायला दोन वाटा आहेत. आपल्या गटातला, आपले ऐकणारा पालक पुढे करायचा, ही एक. ‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हणून स्वतःच यायचे, ही दुसरी. शिक्षणतज्ज्ञ कोणाला म्हणावे याची व्याख्या खेड्यात ताणली जाते आणि निवृत्त शिक्षकाला शोभावी अशी ती खुर्ची कधी कधी कृषी केंद्राच्या मालकाला मिळते.

समितीच्या आधी काय होते

खेड्यातल्या शाळेवर गावाचा ताबा किती असावा, हा वाद जवळपास दीडशे वर्षांचा आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे द्याव्यात अशी शिफारस केली. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले आणि सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, शेतकऱ्यांच्या पोरांच्या प्राथमिक शाळांवर नाही, हे ठणकावून सांगितले. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डे आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या तोंडी ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द रुळलेला आहे.

वऱ्हाडाची वाट वेगळी. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलेला हा मुलूख पुढे मध्य प्रांताला जोडला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वूण, म्हणजे आताच्या वणीच्या नावाने ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ च्या कायद्याने तहसील पातळीवर जनपद सभा आणल्या आणि शाळांचा कारभार काही वर्षे त्यांच्याकडे होता.

सगळे एका साच्यात आले ते १ मे १९६२ पासून, जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. मार्च १९६१ च्या त्यांच्या अहवालाने जिल्हा हा विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानला. प्राथमिक शाळा, शिक्षक, बदल्या, इमारती हे सगळे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे गेले. यवतमाळच्याच माणसाने आखलेल्या या रचनेत शाळा गावात आणि तिचा मालक जिल्ह्याच्या ठिकाणी, असे चित्र तयार झाले. फायदे उघड होते. शिक्षकाचा पगार गावच्या मर्जीवर राहिला नाही आणि एका जातीच्या दबावाखाली दुसऱ्या जातीच्या शिक्षकाला गाव सोडावे लागण्याची शक्यता कमी झाली. तोटाही तितकाच उघड होता. छप्पर गळते याची दाद मागायला पालकाला पंचायत समितीचे उंबरे झिजवावे लागले.

ही दरी भरायला नव्वदच्या दशकात ग्राम शिक्षण समित्या पुढे आल्या. सर्व शिक्षा अभियानात वर्गखोल्या बांधण्याचा पैसा त्यांच्या हातून गेला, आणि गावात या समितीला पहिल्यांदा भाव आला तो त्यामुळे. सिमेंट, रेती, मजुरी यांचे व्यवहार आले की राजकारण येणारच. २०१० नंतर त्यांची जागा शाळा व्यवस्थापन समितीने घेतली.

अलीकडच्या काळाने या छोट्या समितीचे महत्त्व नकळत वाढवले. २०१७ मध्ये निवडून आलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाच्या वादात राज्यभर निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शिक्षण समितीचे सभापती नव्हते, जिल्हा परिषद गटाचे सदस्य नव्हते. अशा वर्षांत शाळेच्या कारभारात लोकांनी थेट निवडलेले जे कोणी उरले होते, त्यांत ही पालकांची समितीच प्रमुख होती.

सहीची किंमत

अध्यक्षाच्या हाती नेमके काय असते? समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, शंभरापर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात खडू-फळ्यापासून वीजबिल आणि किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळे बसवायचे. पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस ताईंची निवड समितीच्या हातून होते. शाळा विकास आराखडा समितीने करायचा असतो. शिक्षक वेळेवर येतात का, शाळाबाह्य मुले किती, आहार नीट शिजतो का, यावर लक्ष ठेवायचे असते. खात्याचा व्यवहार अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सहीने चालतो.

शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार, रजा यांतले काहीही समितीच्या हाती नाही. देखरेख करायची, पण दोष सापडला तर वर तक्रार पाठवण्यापलीकडे काही करायचे नाही. या त्रांगड्यातून गावात दोन टोकांच्या गोष्टी दिसतात. जबाबदारी घेऊ पाहणारा पालक वर्षभरात कंटाळतो. आणि ज्याला अधिकारापेक्षा सहीत रस आहे, त्याला दहा हजारांचा चेकही पुरतो. स्वयंपाकीण कोणाच्या घरची ठेवायची, हा वाद तर अनेकदा अनुदानापेक्षा मोठा होतो, कारण मजुरीवर जगणाऱ्या घरात दरमहा मिळणारे तेवढेही मानधन मोलाचे असते. पुढच्या ग्रामपंचायतीसाठी माणूस तयार करायला ही समिती म्हणजे तालीम, असेही काही गट मानतात. जिथे चुरस होते, तिथे बहुधा यांपैकी एखादे कारण असते.

समितीचा अधिकार सरकारच्या मर्जीवर कसा वर-खाली होतो, हे गणवेशाच्या प्रकरणात स्वच्छ दिसले. दोन गणवेशांसाठी विद्यार्थ्यामागे ६०० रुपये समितीकडे येत. समिती गावात किंवा तालुक्यात कापड पाहून शिवून घेई. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून हे काम वर खेचले गेले आणि २०२४-२५ मध्ये कापड राज्य पातळीवरून आले. गणवेश उशिरा पोचले, कुणाच्या बाह्या लांब तर कुणाची चड्डी आखूड, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय मागे घेतला आणि खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली. मापे घ्यायला मंत्रालयापेक्षा गावचा शिंपी बरा, हे मान्य व्हायला राज्यभरातल्या मुलांचे एक वर्ष गेले.

पोड, तांडा आणि गाव

यवतमाळ जिल्ह्यात या समितीची खरी परीक्षा एका गावाच्या आतच होते. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत अनुसूचित क्षेत्रातली गावे आहेत. तिथे गोंड, परधान यांच्याबरोबर कोलाम राहतात. कातकरी आणि माडिया गोंडांसह राज्यातल्या तीन आदिम जमातींत कोलामांची गणना होते. त्यांची वस्ती, म्हणजे पोड, पुष्कळदा मुख्य गावापासून दूर, रानाकडे असते. घरात कोलामी बोलली जाते. शाळेची सूचना मराठीत, सभा मराठीत, प्रोसिडिंग बुकातला ठराव तर कार्यालयीन मराठीत. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णीकडे हीच गोष्ट बंजारा तांड्यांची. ऊसतोडीला गेलेली माणसे दिवाळीनंतर गावात नसतात. दोन वर्षांच्या मुदतीतले कित्येक महिने तांड्यातला सदस्य परमुलखात असतो आणि बैठकीच्या नोंदीत मात्र त्याची सही असते.

प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे, असे कायदा म्हणतो. पण ते मोजायचे कसे, हे सभेत कोणी बोलत नाही. पोडावरून चाळीस टक्के मुले येत असतील आणि सभेला पोडावरचे दोघेच आले असतील, तर हात वर करून झालेल्या निवडीत पोडाच्या वाट्याला एखादी जागा येते. अध्यक्षपद तर गावातच राहते. इथे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडकडून शिकण्यासारखे आहे. १८७० च्या कायद्याने तिथे स्कूल बोर्डे आली तेव्हा मतदाराला जागांइतकी मते दिली गेली आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. त्यामुळे अल्पसंख्य पंथांचे लोक आपली मते एकवटून एखादा प्रतिनिधी हमखास निवडून आणत. संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना मत नव्हते, त्या काळात लंडनच्या पहिल्या स्कूल बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. १९०२ च्या कायद्याने ती बोर्डे गेली, पण ही पद्धत पोड आणि तांडे असलेल्या गावाला आजही लागू पडेल.

लहान शाळेची अडचण आणखी वेगळी आहे. पहिली ते चौथीची शाळा, पट अठरा, भावंडे धरता घरे बारा. समितीत किमान बारा सदस्य हवेत, त्यांतले नऊ पालक. म्हणजे बारांपैकी नऊ घरांतून कोणी ना कोणी समितीत बसणारच. निवडणुकीला वावच नाही. जो ‘नाही’ म्हणायला सभेला आला नाही, तोही सदस्य. चौथीतल्या मुलाचा पालक वर्षभरात बाहेर पडतो. ज्या शाळांना गावाच्या आधाराची सर्वांत जास्त गरज, तिथे समिती कागदावर सर्वांत भरलेली आणि प्रत्यक्षात सर्वांत पोकळ असते.

आणि आधाराची गरज खरोखर आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र आणण्याची ‘समूह शाळा’ची कल्पना आली, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हे तत्त्व आणि लहान शाळा परवडत नाही हा हिशेब यांची ओढाताण चालू आहे. अशा वेळी समितीचा ठराव, लेखी हरकत, पावसाळ्यात ओढा ओलांडून पोरे कशी जातील याची नोंद, याला वजन येते. शाळा वाचवायला गाव जागे होते, तेव्हा समिती अचानक जिवंत झालेली दिसते.

एक कोपरा मात्र या सगळ्याच्या बाहेर राहतो. पाचवी ते दहावीच्या बऱ्याच शाळा खेड्यात खासगी संस्था चालवतात. तिथली सत्ता विश्वस्त मंडळाकडे असते आणि त्याचे वाद धर्मादाय आयुक्तांकडच्या फेरफार अर्जात लढले जातात. अनुदानित असल्याने तिथेही पालकांची समिती लागते, पण संस्थाचालकाच्या शाळेत पालकसभा त्याच्याच सावलीत भरते.

अभ्यास काय सांगतात

अशा समित्यांनी शिक्षण सुधारते का, यावर बरेच संशोधन झाले आहे आणि उत्तर एकसारखे नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेबरोबर अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक पालकांना गावात शिक्षण समिती आहे हेच ठाऊक नव्हते आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. समितीचे अधिकार समजावून सांगणाऱ्या सभा घेतल्या, तरी शाळेत फरक पडला नाही. गावातल्या तरुणांनी मुलांना वाचायला शिकवण्याचे वर्ग सुरू केले, तिथे मात्र वाचन सुधारले. दुसरीकडे, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि कर्नाटकातल्या एका अभ्यासात पालकांना त्यांचे हक्क वारंवार सांगितल्यावर शिक्षकांच्या कामात आणि काही ठिकाणी मुलांच्या शिकण्यात थोडी सुधारणा दिसली.

शिकागोने याहून धाडसी प्रयोग केला. १९८८ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक शाळेला सहा पालकांसह निवडलेली समिती मिळाली आणि मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही. ऑक्टोबर १९८९ मध्ये पहिल्या निवडणुका उत्साहात झाल्या. पुढे मतदान आणि उमेदवार दोन्ही घटत गेले. मोठा अधिकार दिल्याने लोक आपोआप टिकून राहतात असे नाही. पण अधिकारच नसेल तर ते येतच नाहीत, हे आपल्याकडे दिसते आहे.

निवडणूक होऊ द्या

आपल्याकडे बिनविरोध निवडीचे कौतुक फार. शाळेच्या बाबतीत ‘राजकारण नको’ म्हणून ते आणखी वाढते. वरचे चित्र पाहता हे कौतुक तपासून घ्यायला हवे. बिनविरोध निवड बहुतेक वेळा एकमताची नसते. ज्यांना मत द्यायचे होते, ते निंदणाला गेलेले असतात. दोन आया एका जागेसाठी उभ्या राहिल्या, एकीने नळ आणि संडासाचा प्रश्न काढला, दुसरीने गणिताचा शिक्षक नसल्याचा, तर ती चुरस शाळेच्या हिताचीच ठरेल. भांडण टाळायचे तर सहीवरून आणि स्वयंपाकिणीवरून होणारे टाळावे. त्यासाठी वर्षाचा खर्च शाळेच्या फळ्यावर लिहिणे आणि निवडीचे निकष आधी जाहीर करणे पुरेसे आहे.

बाकीचे बदलही खर्चिक नाहीत. सभेची तारीख आठवडाभर आधी पोडावर आणि तांड्यावर त्यांच्या बोलीत दवंडीने सांगावी. वेळ शेतीच्या कामाकडे पाहून ठरवावी. बाजाराच्या दिवशी गाव बहुधा कामावर जात नाही, तो दिवस चालेल. पालकांची यादी आधी लावावी आणि मत चिठ्ठीने घ्यावे. वस्तीनिहाय मुलांची संख्या मोजून त्या प्रमाणात जागा आधीच वाटून द्याव्यात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांना बारा सदस्यांच्या सक्तीतून मोकळे करून सगळ्या पालकांची सभा हीच समिती मानावी. २०२५ मध्ये शासनाने शाळेतल्या समित्यांची गर्दी कमी करून त्या एकत्र आणल्याच आहेत. त्याच ओघात हेही होऊ शकते.

राहतो तो अधिकाराचा प्रश्न. शिक्षकाची बदली गावाच्या हाती देणे धोक्याचे आहे. जातीची उतरंड अजून शाबूत असलेल्या गावात त्याचे काय होईल, हे सांगायला नको. पण समितीने लेखी तक्रार दिली तर गटशिक्षणाधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, एवढे बंधन घालता येईल. उत्तर मिळते हे एकदा दिसले की पुढच्या सभेला माणसे येतील, आणि रोज बुडवून यावे असे त्या सभेत काही आहे, हे निंदणाला जाणाऱ्या बाईलाही पटेल. तोवर ही जागा फुकट मिळत राहील, आणि फुकट मिळते म्हणूनच ती भलत्याच माणसाच्या हाती जात राहील.